गणपतीच्या भिंतीखालचा चिरा

मित्रांनो, मी एक जुना चिरा आहे. चिरा म्हणजे जांभ्या दगडाचा तासलेला ठोकळा. देवगड तालुक्यातल्या मिठबावात एका घराच्या पायात, अगदी कोपऱ्यावर, मी वर्षानुवर्षं काढली. आता जे सांगणार आहे ते जरा चिडूनच सांगणार आहे, आधीच सांगून ठेवतो. दगडाला राग येत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी दोन भिंती आणि वरचं कौलारू छप्पर डोक्यावर घेऊन एकदा वाळूच्या खड्ड्यात उभं राहून दाखवावं.

माझा जन्म माळावरच्या खाणीतला. एकोणीसशे बावन्न साली मला बैलगाडीतून खाली आणलं. घर बांधत होते म्हातारे बाबली. त्यांना तीन मुलगे. थोरला रामचंद्र मुंबईला गोदीत कामाला, मधला सत्यवान आणि धाकटा सहदेव गावात, आंबा-नारळाची बाग सांभाळून. घराचा एक कोपरा जिथे यायचा होता तिथे एक माड उभा होता. तो तोडला, मुळासकट उपटला आणि झालेल्या खड्ड्यात पुळणीवरची वाळू ओतली. ती पाणी मारून, धुमसाने ठोकून घट्ट करायची असते. सत्यवान धुमस घेऊन खड्ड्यात उतरलाही होता. तेवढ्यात वरून बाबली ओरडले, "मुहूर्त जाता मरे! घाल तो चिरो!"

"बाबा, वाळू चेपूक व्हयी. पाय आत जातासा!" सत्यवान म्हणाला.

"चेप मागीर!"

मागीर! नंतर म्हणे! आता मला सांगा, चिरा बसवल्यावर त्याच्याखालची वाळू कोण कशी चेपणार? पण भटजींनी मंत्र म्हटले, कुंकू लावलं, नारळ फोडला आणि मला त्या भुसभुशीत वाळूत उतरवलं. सगळ्यांनी हात जोडले. मुहूर्त काही चुकला नाही, एवढं खरं.

माझ्यावर भिंत चढली आणि त्याच भिंतीला घरचा गणपती बसायचं ठरलं. हा गणपती एकट्या घराचा नव्हता, सगळ्या भावकीचा होता. मुंबईचे, तोंडवलीचे, इकडचे तिकडचे सगळे चतुर्थीला इथेच जमायचे. त्याच खोलीत सत्यवान आणि त्याची नवी नवरी चंद्रावती राहू लागली. चतुर्थीपुरती खोली गणपतीची, बाकी वर्षभर त्यांची.

चंद्रावतीच्या हातात कला होती. गणपतीमागची भिंत दर वर्षी नव्याने सारवून रंगवायची असते ना, ते काम तिच्याकडे आलं. गेरू, चुना आणि नीळ एवढ्यावर ती असं काही काढायची की बाया ओटीवरून आत येऊन तोंडाला पदर लावायच्या. "काय गो हात तुझो!" म्हणायच्या. सासरी तिला मान मिळाला तो त्या भिंतीमुळे.

पुढे सत्यवान तापाने गेला. मूलबाळ नव्हतं. बाबलीही गेले. घराचा कारभार सहदेवाकडे आला, आणि चंद्रावतीकडे राहिली फक्त ती कोपऱ्याची खोली. माहेरी कोणी उरलं नव्हतं. ती खोली गेली तर जगात तिला पाठ टेकायला जागा नव्हती. ही गोष्ट तिला माहीत होती आणि खाली वाळूत मला माहीत होती. बाकीच्यांना कधी विचार करावासा वाटला नाही.

छपराच्या पागोळ्या नेमक्या माझ्या बाजूला पडत. पाऊस लागला की पाणी जोत्यालगत मुरायचं आणि खालची वाळू हळूहळू ओढून न्यायचं. मी तसूतसूने खाली चाललो होतो. मी खाली गेलो की वरची भिंत ओढली जाणार, दुसरं काय होणार? तिला फट पडली. गणपतीच्या मागे, बरोबर मधोमध, वरपासून खालपर्यंत.

चंद्रावतीने ती पाहिली आणि सहदेवाला सांगितलं. सहदेवाने धोंडू गवंड्याला बोलावलं. धोंडू म्हणजे तोंडाने अख्खा गाव बांधून देणारा माणूस. त्याने फटीत बोट घातलं, खाली माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही आणि म्हणाला, "असो चुनो भरतंय, परत फट म्हणान दिसूची नाय."

दिसायची नाही! अरे बाबा, ती दिसत होती हेच तर बरं होतं! आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, तसली तऱ्हा. मी खाली जीव तोडून ओरडतोय की वाळू चाललीय, आणि हे वर गिलावा करतायत. पण दगडाचं ओरडणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

चुना वाळला, पावसात पुन्हा तडकला. चतुर्थी तोंडावर आली होती. मग चंद्रावतीने काय केलं ठाऊक आहे? त्या फटीचाच माड केला. फट म्हणजे खोड, वर झावळ्या, खाली शहाळी, बाजूला गलबत. लोक बघतच राहिले. पुढच्या वर्षी फट रुंदावली, तसं खोडही जाड झालं. त्याच्या पुढच्या वर्षी आणखी जाड. "माड बरो पोसलो हा गो!" असं कोणी म्हटलं की सगळे हसायचे. चंद्रावतीही हसायची, पण सगळे पांगले की खोडावरून हात फिरवत बसायची. मला वरून तिचा श्वास ऐकू यायचा.

तिने सांगायचं सोडलं नव्हतं. "सहदेव भावोजी, पायो बसता हा. भिंत नाय, पायो बघा."

"अगो वयनी, गणपतीचो कोनो तो. भावकीक इचारल्याशिवाय तेका हात कसो लावतलंव? चतुर्थीक सगळे येवंदेत, मगे बघया."

मग चतुर्थीला सगळे यायचे, आणि ती पुन्हा विषय काढायची. तेव्हा तोंडवलीचा कोणी काका डोळे वटारायचा, "गणपती घरात बसलो आसताना भिंत खणूची गोष्ट करतस? शुभ बोल गो!" गणपती गेले की सगळे मुंबईची वाट धरायचे. म्हणजे बघा हं मित्रांनो. भावकी जमल्याशिवाय खणायचं नाही, आणि भावकी जमते तेव्हा तर खणायचंच नाही. कपाळ माझं! असलं कोडं घालून हे लोक आरामात मोदक खात होते, आणि मी खाली तसूतसूने बुडत होतो.

एकोणीसशे सदुसष्टच्या डिसेंबरात, पहाटेच्या काळोखात, तिकडे कोयनेला धरणी हादरली. तो धक्का इथवर आला. आधी खालून घरघर आली, मग सगळं एकदम डुललं. ज्यांचे पाय घट्ट जमिनीत होते ते चिरे डुलले आणि पुन्हा जागेवर बसले. माझ्याखाली मात्र धरायला काही नव्हतंच. वाळू सरकली, मी एका अंगावर कलंडलो आणि वरच्या भाराने माझ्यात उभी चीर गेली. भिंत कोपऱ्यापासून सुटली. वरचा एक चिरा निसटला आणि चंद्रावतीच्या उशीशेजारी आदळला. ती तशीच उठून खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, धावली. शेजारीपाजारी सगळे बाहेर आले होते, देवाचं नाव घेत होते. ती मात्र त्या कोपऱ्याकडे बघत उभी होती.

काही दिवसांनी देवगडहून एक ओव्हरसियर गावातली घरं बघायला आले. त्यांनी भिंत पाहिली आणि मग, मित्रांनो, ते खाली वाकले! इतक्या वर्षांत माझ्यासाठी वाकलेला पहिला माणूस! मला भडभडून आलं. म्हणाले, "ही भिंत वरून लिंपू नका. पाया बसलाय. आधी टेकू द्या, मग थोडा थोडा भाग उघडून खालून पक्कं भरून घ्या. सगळा एकदम उघडलात तर घर अंगावर येईल. आणि दोन्ही भिंती कोपऱ्यात एकमेकींत गुंतवा. धक्का पुन्हा येणारच नाही असं कोणी सांगू शकत नाही."

"होय साहेब, करतो," सहदेव अगदी शाळेतल्यासारखा म्हणाला.

साहेबांची पाठ वळली आणि सहदेव डोकं खाजवत बोलला, "पण भावकीक इचारूक व्हया."

झालं! माडाच्या खोडाचा एक टेकू लागला. धोंडू पुन्हा चुन्याचं घमेलं घेऊन आला. आषाढ-श्रावण गेले कसेबसे. चंद्रावती त्याच खोलीत निजत होती, कारण दुसऱ्या खोल्या दुसऱ्यांच्या होत्या. पाऊस जोरात आला की ती उठून भिंतीला हात लावून बसायची. मी तिला धीर तरी कसला देणार? माझेच दोन तुकडे झाले होते.

चतुर्थी आली. बायांनी गेरू कालवला, नीळ भिजवली आणि चंद्रावतीला हाक मारली. ती आली ती हातात खुरपं घेऊन. धोंडूने भरलेला चुना तिने खरवडून काढला. खपल्या माझ्यावर पडत होत्या. सगळी फट उघडी झाल्यावर तिने खुरपं खाली ठेवलं आणि म्हणाली, "ह्या वर्षी मी रंगवचंय नाय."

घरात एकच हलकल्लोळ झाला. सहदेवाचं हातापाया पडून झालं, रागावून झालं. दुसऱ्या कोणाला रंगवायला सांगावं तर तेवढ्या भगदाडावर काय काढणार? गणपती तसाच बसवावा लागला. रामचंद्र मुंबईहून आला, ट्रंक खाली ठेवली आणि भिंतीकडे बघून तडकला.

"ह्या काय गो? गणपतीच्या फाटसून भगदाड? लोक काय म्हणतले?"

चंद्रावतीने डोक्यावरचा पदर सारखा केला. आयुष्यात ती थोरल्या दिराला उलट बोलली नव्हती.

"गणपतीक सगळा म्हायत आसा, भावोजीनू. तुमकाच म्हायत नाय."

अहाहा! माझ्या जन्माचं सार्थक झालं. पंधरा-सोळा वर्षं मला जे ओरडून सांगता आलं नाही ते या बाईने एका वाक्यात सांगितलं!

रामचंद्र रागाने ओटीवर जाऊन बसला. संध्याकाळी आरतीला सगळी भावकी उभी राहिली. निरांजन पेटवलं, ते विझलं. पुन्हा पेटवलं, पुन्हा विझलं. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. कोणी तरी म्हणालं, देव रुसला. रामचंद्र मात्र वारा कुठून येतो ते चाचपत भिंतीपाशी गेला. त्याने फटीवर हात धरला, आणि हात मनगटापर्यंत आत गेला. त्याने तो बाहेर काढला नाही. मग खाली पाहिलं. कोपऱ्यात चंद्रावतीची वळकटी होती.

"तू हंयच निजतंस?"

"मगे खंय निजू?" ती म्हणाली.

रामचंद्राच्या डोळ्यांत पाणी आलं. तो खाली बसला तो आरती होईपर्यंत उठला नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने सगळ्यांना उभं करून गणपतीला गाऱ्हाणं घातलं. "बा गणपती म्हाराजा, तुझ्या जाग्याक हात लावूचो इचार केललो आसा, तेका तू मान्यता दी. काय चुकला माकला तर पदरात घे, आनि ह्या घरच्या लेकीसुनांक सांभाळ रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळी भावकी म्हणाली. तोंडवलीचा काकासुद्धा.

दसऱ्यानंतर जमीन सुकली आणि काम निघालं. धोंडू गवंडी आला आणि चक्क म्हणाला, "मी सुरवातीपासून सांगी होतंय, पायो बघा म्हणान!" मी काय बोलणार? पण एक सांगतो, ओव्हरसियरांनी दोन वेळा येऊन समजावल्यावर त्याने काम चोख केलं. भिंतींना दोन्हीकडून टेकू दिले. जोत्याचा हातभर भाग उघडायचा, वाळू उपसून काढायची, खालच्या घट्ट जमिनीपर्यंत जायचं, दगड आणि शिंपल्यांचा चुना धुमसाने ठोकून भरायचा, तो भाग घट्ट झाला की मगच शेजारचा उघडायचा. लांब चिरे भिंतीच्या आरपार आडवे घालून फट सांधली. जोत्यावरून चारी बाजूंनी सळ्या घालून सिमेंटचा पट्टा ओतला. पागोळ्यांचं पाणी लांब न्यायला चर खणला. मला इतका आनंद झाला होता की विचारू नका. आपली पाळी कधी येते याची वाट बघत होतो.

पाळी आली. धोंडूने मला हातोडीने टकटक केलं, कान देऊन ऐकलं आणि म्हणाला, "ह्यो फुटलेलो आसा. भायर काढा."

मला? अहो, मला? ज्या दुरुस्तीसाठी मी जन्मभर कंठशोष केला, तिच्यात मलाच काढणार? हे माझ्या दगडी डोक्यात कधी आलंच नव्हतं. पहारीने मला उचकटलं, खळ्यात आणून टाकलं आणि माझ्या जागी दोन लांब नवे चिरे एकमेकांत गुंतवून बसवले. मला राग आला, खोटं कशाला बोलू. आजही कधी कधी येतो.

पण तिथे पडल्या पडल्या मी वर पाहिलं. मित्रांनो, इतकी वर्षं ते घर माझ्या डोक्यावर होतं आणि मी ते एकदाही पाहिलं नव्हतं. लाल कौलं, ओटीवरचा झोपाळा, आणि ती भिंत, ओळंब्यात उभी, सरळ. काम पुरं झालं त्या दिवशी सांजावल्यावर सहदेवाची बायको चंद्रावतीला म्हणत होती, आता तू आत माजघरात नीज. चंद्रावती म्हणाली, "नको गो. माझी खोली आसा मां." तिने त्याच भिंतीला लागून वळकटी सोडली, भिंतीकडे पाठ केली आणि हात न लावता झोपून गेली.

माझ्या वाट्याला आता खळ्यातली जागा आहे. कोंबड्या अंगावर चढतात, मुलं नारळ फोडतात. चालायचंच. पण तुमचं काय? रंग देता, तोरणं बांधता, भिंतीला तडा गेला की त्यावर तसबीर टांगता. फट दिसली तर ती झाकू नका, ती कुठून येते ते बघा. जमीन आधी चिठ्ठी पाठवून हादरत नाही. आणि आता माझी गोष्ट ऐकत बसू नका. उठा, बाहेर जा, आपल्या घराच्या कोपऱ्यापाशी वाका. तिथे माझ्यासारखा कोणी तरी केव्हाचा ओरडत असेल.