सहावा चेंडू

तेजस्विनीने मोबाइल डाळीच्या डब्याला टेकवून उभा केला, तो घसरला. पुन्हा उभा केला, पुन्हा घसरला. शेवटी आईने खालून एक वांगं लावलं तेव्हा कुठे तो टिकला.

"आता कोणी हात नका लावू," ती म्हणाली. "बाबा, मी खुर्चीवर बसून राह्यले. दहा मिनिटं उरले."

"बस, बस," ओसरीतून नागोराव म्हणाले.

नागोरावांचे डोळे लहानपणीच देवीच्या साथीत गेले होते. चंद्रभागाबाई लग्न करून तामसीच्या या घरात आल्या आणि पहिल्याच आठवड्यात भरल्या बादलीसकट नवऱ्यावर आदळल्या. त्यांनी तिथल्या तिथे कायदा केला: या घरात जो जे करील, ते तोंडाने सांगून करील. त्यामुळे चूल पेटवणं, दार लावणं, डावीकडून जाणं, सगळं पुकारून व्हायचं. शेजारी हसायचे, हसोत बापडे. तेजस्विनी यातच वाढली. आता ती आदिलाबादच्या शाळेत खेळाची शिक्षिका होती, आणि मैदानावर "मी शिट्टी वाजवून राह्यले" असं आधी सांगून मग शिट्टी वाजवायची.

आज तिची मुलाखत होती. अंध महिलांच्या राष्ट्रीय क्रिकेट संघाला नवं प्रशिक्षक मंडळ नेमायचं होतं. मुख्य प्रशिक्षक ठरले होते, फलंदाजीचे ठरले, गोलंदाजीचेही ठरले. क्षेत्ररक्षणाची एकच जागा उरली होती आणि तिच्यासाठी दोन नावं होती: एक हिचं आणि एक परदेशातून प्रमाणपत्र आणलेल्या कुणाचं. चार वर्षं दर रविवारी हिने अंध मुलींना चेंडू अडवायला शिकवलं होतं, स्वतःच्या पदरचा चहा पाजून. ही जागा तिला इतकी हवी होती की आठ दिवस तिला जेवण गोड लागलं नव्हतं.

पडद्यावर तीन चेहरे आले. मधले अध्यक्ष स्वतः अंध, एके काळचे यष्टिरक्षक.

"नमस्कार. मी तेजस्विनी," तिने सुरुवात केली आणि सवय जिभेवर चढली. "मी खुर्चीवर बसले आहे. उजव्या हाताला दार आहे. डाव्या हाताला आई उभी आहे, जा म्हटलं तरी जात नाही."

बाजूचे दोघे खो खो हसले. तेजस्विनीला वाटलं, झालं, संपलं सगळं.

"हसता काय?" अध्यक्ष म्हणाले. "आज पहिल्यांदा मला उमेदवार दिसला."

मग त्यांनी प्रात्यक्षिक मागितलं. आईने मोबाइल उचलला आणि "मी चालले ओसरीत" म्हणत बाहेर नेला. तिथे नागोराव ताडपत्रीवर उकिडवे बसून तयारच होते. तेजस्विनीने चेंडू घेतला. पांढरा, प्लास्टिकचा, पोटात छर्रे भरलेला. घरंगळला की खुळखुळतो.

"रेडी?"

"येस."

"प्ले!"

चेंडू खुळखुळत निघाला. ताडपत्री चरचरली आणि चेंडू नागोरावांच्या पंजाखाली गप्प झाला. दुसरा डावीकडे टाकला, तोही अडला. तिसरा, चौथा, पाचवा. प्रत्येक वेळी ताडपत्री चरचरे आणि चंद्रभागाबाई मोबाइलमागून "अडला!" असं ओरडत. तेजस्विनीची छाती अभिमानाने भरून आली.

"छान," बाजूचा एकजण म्हणाला. "पण यांना येतंच की. तुम्ही काय शिकवता, हे आम्हाला कसं कळावं?"

काहीतरी करायचं म्हणून तिने सहावा चेंडू टाकला. अगदी सरळ, सोपा.

तो नागोरावांच्या गुडघ्याजवळून गेला आणि मागच्या पाण्याच्या ड्रमवर ठणकन आपटला.

"अगं बाई!" चंद्रभागाबाई म्हणाल्या. मोबाइल हलला.

तेजस्विनीने ड्रमजवळचा चेंडू उचलला. मग रविवारच्या मुली डोळ्यांपुढे आल्या आणि चेंडू आईला देऊन ती वडिलांशेजारी जाऊन बसली. स्वतःचेही डोळे मिटले.

"मी तुमच्या उजवीकडे आहे, बाबा. काही बिघडलं नाई. चेंडू आपल्याकडे येत असला की आवाज दाट होतो. पातळ झाला की समजा बाजूनं चालला. मान नका वळवू, छाती वळवा. आई, तू टाक."

आईने टाकला. नागोरावांनी छाती वळवली आणि चेंडू अलगद उचलला.

"शाब्बास!" तेजस्विनी ओरडली, खरोखरच्या आनंदाने. समोर कोण बसलंय हेही ती क्षणभर विसरली होती.

अध्यक्ष "कळवतो" एवढंच म्हणाले. पडदा काळा झाला आणि तिला रडू फुटलं.

"काऊन बाबा? आजच काऊन सुटला?"

"सुटते कवा कवा. वय झालं आता," नागोराव म्हणाले आणि निवांतपणे वांगी निवडायला बसले.

तिला त्यांचा राग आला. दोन दिवस ती त्यांच्याशी कामापुरतंच बोलली.

तिसऱ्या दिवशी दुपारी अध्यक्षांचा फोन आला. तिने स्पीकर लावला.

"पंधरा दिवसांनी शिबिर सुरू होतंय. बॅग भरा. नेमणूक तुमची झाली."

"पण सर... बाबांकडून तो चेंडू सुटला होता."

"पहिले पाच अडले, त्यात तुमचं काय होतं? सहाव्यानंतर तुम्ही जे केलंत, त्याला ही नोकरी दिली. वडील आहेत का जवळ?"

"इथंच हाय मी," नागोराव म्हणाले.

"काका, पाच वेळा ताडपत्री वाजली. सहाव्या वेळी वाजलीच नाही. पुढच्या वेळी पोरीसाठी चेंडू सोडाल तेव्हा थोडं तरी हलत जा."

फोन बंद झाला. तेजस्विनी वडिलांकडे बघतच राहिली. नागोरावांचे कान लालबुंद झाले होते आणि हातातलं वांगं ते उगाच पुसत बसले होते.

"माणूस लई बेरकी हाय," ते शेवटी म्हणाले. "त्याच्या हाताखाली जपून राह्य, पोरी."