सुरूवरचं घुबड

तळ्यामागच्या सुरूच्या झाडावर घुबड बसतं, हे तिने धाकट्या दिराला सांगितलं आणि तिथेच फसली.

ती दातांची डॉक्टर. आठवडाभर लोकांच्या तोंडात डोकवायचं आणि रविवारी सकाळी दुर्बीण गळ्यात अडकवून राखीव जंगल गाठायचं, असा तिचा हिवाळा. डोक्यावर दोन तुरे असलेलं ते घुबड थंडीपुरतंच यायचं आणि दिवसभर खोडाला चिकटून झोपायचं. दिराने नवा कॅमेरा घेतला होता, म्हणून तिने त्याला नेलं. कुणाला सांगू नका, असं चार वेळा बजावलं. त्याने गळ्याची शपथ घेतली.

पुढच्या रविवारी बघते तर झाडाखाली ही गर्दी. कॅमेरे, त्यांच्या तिपाया, थर्मास, खिदळणं. मधोमध दीर, नवरदेवासारखा मिरवत. घुबडाचे डोळे मिटलेले होते आणि मंडळींना ते उघडे हवे होते. ती धावत पोचेपर्यंत एकाने तिपाई उचलून खोडावर हाणली. घुबड भर उन्हात उडालं आणि तळ्यावरचे कावळे त्याच्यावर तुटून पडले. कॅमेरे खटखटतच राहिले.

त्या माणसाच्या हातची तिपाई हिसकावून तिने लव्हाळ्यात भिरकावली. दीर सगळ्यांकडे बघून हसला, आमच्या वहिनी जरा हळव्या आहेत म्हणाला.

"हळवी नाही, भावजी. संतापलेय. तुम्ही मला फसवलंत."

घरी बातमी तिच्याआधी पोचली होती. चारचौघांत दिराचा पाणउतारा करायला नको होता, असं सासूबाईंचं म्हणणं. एका पाखरावरून घरात वितुष्ट कशाला, हे नवऱ्याचं. ती जेवायला बसली. घास उतरत होता, राग उतरत नव्हता.

आठवड्याने दीर आला, काखेत भलीमोठी फ्रेम. पंख पसरलेलं घुबड, डोळे सताड उघडे. फोटोला बक्षीस मिळालंय, वहिनींनी दवाखान्यात लावावा, असं त्याने सांगितलं. सासूबाईंनी तोंड भरून कौतुक केलं. तिने जवळ जाऊन पाहिलं. फोटोच्या कडेला कावळ्याची चोच अर्धी कापली गेली होती.

"हे डोळे भीतीने उघडलेत," ती म्हणाली. "हे मी भिंतीवर लावू?"

"अगं, घे की," नवरा म्हणाला. "माफी मागायलाच आलाय तो."

"मग मागू दे. अजून मागितली नाही."

सगळे दिराकडे बघू लागले. त्याने फ्रेम पुन्हा काखेत मारली. चहा न घेताच तो जिना उतरला. सासूबाईंनी तिच्याशी अबोला धरला, तोही तिने चालवून घेतला.

रविवारी ती पुन्हा गेली. सुरू रिकामा होता. खाली कागदी कप पडले होते. ते वेचताना प्रत्येक कपागणिक तिचं डोकं नव्याने तापत गेलं. तळ्यावर बदकांचा थवा उतरला, तरी तिने दुर्बीण डोळ्यांना लावली नाही.