परातीतला कौल

"भाकर काय आता तळहातावर थापू? पोरी परात घेऊन गेल्या त्या गेल्या. दोन घरं, दोन पराती, अन् दोन्हीत नुसती घरघर घरघर."

लालबी हे कुणालाच उद्देशून बोलत नव्हती. पण अंकुशनगरच्या कारखाना कॉलनीत दोन घरांमधली भिंत एकेरी विटेची, त्यामुळे पलीकडची कुरकुर अलीकडे कानाशीच ऐकू येई. बेबीनंदा पीठ मळायला बसली होती आणि तिच्याही पुढ्यात परात नव्हती, पातेलं होतं. ती मुकाट्यानं पातेल्यातच पीठ मळू लागली. परात मागायला मागच्या अंगणात जायचं तर तिथं झुंबर बसलेली. आणि हल्ली झुंबरकडं बघितलं की बेबीनंदाला काय बोलावं ते सुचत नसे.

झुंबर म्हणजे दिराची पोर. धाकटा दीर देवानंद अंबडला कोर्टाबाहेर टायपिंग करतो. त्याच्या बायकोला, दुर्गाबाईला, जुळं झालं तेव्हा ती फार अशक्त झाली होती. "चार महिने ठेवा वहिनी, ही जरा उठून बसली की घेऊन जातो," असं म्हणून त्यानं दोन वर्षांची झुंबर इथं आणून सोडली. ते चार महिने अजून संपले नव्हते. झुंबर आता चौथीत होती. बेबीनंदाला स्वतःचं मूल नव्हतं, आणि ही गोष्ट त्या घरात कुणी कधी मोजायला काढली नव्हती. पोरीचं नाव वारलेल्या सासूबाईंचं, म्हणून बेबीनंदा तिला नावानं हाक मारू शकत नसे. ती तिला "बाय" म्हणे. पोर तिला "मोठाई" म्हणे, आणि दुर्गाबाईला "अंबडची आई".

दसऱ्याला देवानंद येऊन गेला, तेव्हा जाता जाता चपला घालत म्हणाला होता, "पाचवीला तिकडंच टाकावं म्हणतो. दिवाळीला येतो, मंग बघू." तिचा नवरा बद्रीनाथ म्हणाला, "बघू की." बेबीनंदा म्हणाली, "चहा घेऊन जा भाऊजी." एवढंच बोलणं झालं. त्याच वेळी देवानंदनं झुंबरसाठी जुन्या जालन्याच्या बाजारातून आणलेले दोन भवरे पिशवीतून काढून दिले होते.

आता भवरा म्हणजे लाकडाचा, आरीचा, दोरी गुंडाळून फेकायचा, एवढंच बेबीनंदाला ठाऊक. हे भलतंच प्रकरण होतं. वर प्लास्टिकचं दातेरी चाक, खाली लोखंडी चकती, त्याखाली टोक, आणि सगळं सुटं करून परत बसवता येणारं. एका खटक्यात बसवायचं, दातांची पट्टी सर्रकन ओढायची, की भवरा परातीत पडून गरगरत राही. दुसरा सोडला की दोघं एकमेकांवर आदळत. जो आधी आडवा झाला तो हरला. टीव्हीवर तसलंच काही दाखवत म्हणे. कॉलनीतल्या सगळ्या पोरांना तेच वेड होतं.

बाकीची पोरं दोघा-दोघांत खेळत. झुंबर एकटीच खेळे. लालबीची मदिना शेजारी बसलेली असे, पण ती पट्टीला हात लावत नसे, नुसती साक्षीला बसल्यासारखी बघत राही. झुंबरनं एका भवऱ्याच्या चकतीवर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला होता, दुसऱ्यावर निळा. ती एकदा लाल आधी सोडे, मग लगेच निळा. पुढच्या खेपेला निळा आधी, मग लाल. कुणावर अन्याय नको अशा बेतानं. आणि दरवेळी लाल डुगडुगे, कलंडे, परातीच्या काठाला घासत जाऊन पडे. निळा फिरत राही. मग झुंबर निळा उचलून हातात धरून बराच वेळ त्याच्याकडं बघत बसे, आणि घरात येऊन न जेवता झोपे.

स्वतःच खेळायचं, स्वतःच जिंकायचं, आणि वर तोंड पाडून बसायचं, हे बेबीनंदाच्या डोक्यात शिरेना.

"बाय, तूच हरतीस का तूच जिंकतीस गं?"

"माहीत न्हाई मोठाई," झुंबर म्हणाली, आणि भिंतीकडं तोंड करून पडली.

बेबीनंदानं आपल्या अकलेनं शोध लावला, की सारखा पडतो त्या लाल भवऱ्याला कुणाची तरी दृष्ट लागली असणार. तिनं काजळ मेणात कालवून त्याची चांगली टपोरी तीट केली. आता तीट लावायची ती चेहऱ्याला. भवऱ्याचा चेहरा कुठला? ठिपका असेल तोच, असं धरून तिनं लाल ठिपक्याच्या बाजूलाच तीट थापली. दुसऱ्या दिवशी लाल भवरा परातीत पडल्या पडल्या दारुड्यासारखा झोकांड्या खाऊ लागला आणि दुसऱ्याची वाटही न बघता आडवा झाला. झुंबर रडली नाही. मदिना मात्र बेबीनंदाकडं अशा नजरेनं बघत राहिली, की तिला उगाच अपराध्यासारखं झालं.

मग तिनं दुसरा शोध लावला. पोर निळाच जास्त वेळ हातात धरते, म्हणजे तिचा जीव निळ्यात आहे. तो नीट करून घ्यावा, निदान एक तरी भवरा असा होऊ दे की पोर हसेल. घरात जाणता माणूस होताच. बद्रीनाथ कारखान्यात फिटर होता, आणि त्याचं सगळं काम साखर अन् मळी वेगळी करणाऱ्या मशीनवर. जाळीचं भलंमोठं पिंप, ते इतक्या वेगानं फिरतं, की एका बाजूला जरा वजन जास्त झालं तर सगळी इमारत थरथरते. बॉयलर पेटला होता, पण गाळपाची पहिली मोळी पडायला अवकाश होता, म्हणून तो दुपारी जेवायला घरी येई.

झुंबर शाळेत गेली की तिनं निळा भवरा त्याच्या ताटाशेजारी आणून ठेवला.

"आवं, हे जरा बराबर करा."

"हे काय, आता पोरींच्या खेळण्याचं पण मेंटेनन्स का?" असं म्हणत त्यानं जेवता जेवताच तो उलटा केला, आणि ताट तसंच राहिलं. त्यानं भवऱ्याच्या मधल्या भोकातून दाभण आरपार घातलं आणि दाभणाची दोन टोकं दोन वाट्यांच्या काठावर टेकवली. बोटानं ढकललं की भवरा फिरे, झुले, आणि थांबे तेव्हा तीच बाजू खाली येई.

"हे बघ. चकतीवर ही उठावाची अक्षरं हायेत ना कंपनीची? ही बाजू जड. जिकडं अक्षर तिकडं लोखंड जास्त. पोरीनं निळा ठिपका बराबर समोरच्या बाजूला दिलाय, म्हणून ह्याचं बरंचसं भागलंय. थोडा फरक हाय, तो काढतो."

"अन् ठिपका अक्षरावरच दिला असता तर?"

"तर जडावर आणखी जड. डुगडुगला असता."

बेबीनंदाला आठवलं, लालचा ठिपका नेमका अक्षरांवरच होता, आणि तीटही तिथंच. पण तिनं तिटेचं काही सांगितलं नाही. त्यानं कानशीनं अक्षरांची बाजू जराशी घासली, परत दाभणावर ठेवली, परत घासली. शेवटी भवरा कुठंही सोडला तरी तिथंच उभा राही. परातीत सोडला तर फिरतोय का थांबलाय ते डोळ्याला कळेना.

संध्याकाळी झुंबरनं खेळ मांडला. निळा नुसता उभा राहिल्यासारखा फिरत राहिला. लाल कधी पडला तेही कुणी बघितलं नाही. झुंबर उठली, परात उचलून चुलीपाशी आणून ठेवली आणि म्हणाली, "मोठाई, माझे कपडे कुठल्या पिशवीत भरायचे?"

"कशाला गं?"

"असंच."

बेबीनंदाला काहीच उमगेना. ती लालबीची परात द्यायच्या निमित्तानं तिच्याकडं गेली. मदिना दारातच बसली होती.

"काय गं, तुमच्या दोघींचं काय चाललंय? चांगला नीट करून दिला तर तोंड पाडून बसली."

मदिनानं आधी आत बघितलं, मग हळूच म्हणाली, "चाची, तो निळावाला अंबड हाय. लालवाला हितला. तिनं कौल लावलाय. दिवाळीपर्यंत जो जास्ती जिंकंल, तिकडं जायचं. तुम्ही अंबडलाच बराबर करून दिलं."

आतून लालबीचा आवाज आला, "मदिना, दुसऱ्याच्या घरातली गोष्ट सांगायची न्हाई."

"मी कुठं सांगून राह्यले? चाचीनं विचारलं."

कौल. बेबीनंदाला आठवलं, गेल्या साली म्हैस हरवली तेव्हा ती झुंबरला घेऊन शेताकडच्या म्हसोबाला गेली होती. गुरवानं देवाच्या दोन खांद्यांवर ओली फुलं चिकटवली होती. उजवं पडलं तर म्हैस सापडणार, डावं पडलं तर नाही. झुंबरनं वाकून फुलाला फुंकर मारायला तोंड केलं, तेव्हा हिनंच तिला मागं ओढून दटावलं होतं. देवाला हात लावायचा न्हाई, बाय. त्यानं सांगायचं, आपण ऐकायचं.

आणि आता हिनं स्वतःच हात लावून ठेवला होता. लालला तीट लावून आणखी आडवा केला होता, निळा नवऱ्याकडून घासून आणला होता. आपला जीव ज्या बाजूला, त्याच बाजूचा भवरा तिनं पाडला होता. रस्त्यानं चार पावलं चालून घरी येईस्तोवर तिला हसू आलं.

तिनं बद्रीनाथला सांगितलं. त्यानं तंबाखू मळायला घेतली.

"मंग?" तो म्हणाला.

"मंग लाल पण बराबर करा."

"कौलाला हात लावायचा न्हाई म्हणतेस ना तू?"

"एकाला लावलाच हाय. एकाच बाजूला लावणं ही लबाडी झाली. दोन्हीकडं लावला तर ती फिटंल."

हा कुठल्या देवाचा न्याय, ते त्यालाही कळलं नाही आणि तिलाही. पण त्यानं लाल भवरा घेतला. तीट खरवडली. ठिपका तसाच ठेवला, कारण तो पोरीचा होता. अक्षरांची बाजू घासली, दाभणावर ठेवली, परत घासली. दोन्ही भवरे शेजारी ठेवून आलटून पालटून बघत राहिला. बेबीनंदाच्या जिभेच्या टोकावर आलं होतं, की लाल जरा जास्तच चांगला करा. ती म्हणाली नाही. त्यानंही विचारलं नाही. दोघांनी एकमेकांकडं बघायचं टाळलं, ते मात्र दोघांनाही समजलं.

भाऊबीजेच्या सकाळी झुंबरनं शेवटचा खेळ मांडला. ह्या खेपेला तिनं मदिनाच्या हातात निळ्याची पट्टी दिली, दोघींनी एकदम ओढली. लाल आणि निळा परातीच्या मध्यावर येऊन एकमेकांना टेकले, सुटले, परत टेकले. कुणी कुणाला ढकलेना. दोघं सावकाश होत गेले आणि शेजारी शेजारी एकदमच कलंडले. परत सोडले. परत तेच. अंगणाच्या भिंतीवरून वाकून बघणारी लालबी म्हणाली, "ये क्या, दोघंबी थकले वाटतं." झुंबर दोन्ही भवरे ओंजळीत घेऊन परातीकडं बघत बसली. आता कुठं बघायचं तेच तिला कळत नव्हतं.

तेवढ्यात अंबडची एसटी येऊन गेली आणि देवानंद अन् दुर्गाबाई फाटकातून आत आले. जुळी पोरं आजोळी ठेवली होती. देवानंदच्या हातात पोरीसाठी नवं दप्तर होतं. त्यानं ते खुंटीला अडकवलं, पोरीच्या हातात दिलं नाही.

"काय गं, काय खेळतीस?"

"कौल," झुंबर म्हणाली. "हा अंबडचा, हा हितला. आज दोन्ही संगट पडून राह्यले."

मग देवानंदनं घाईघाईनं भवरा हातात घेतला आणि म्हणाला, "दादा, ह्याची चकती हलकी वाटती का रे?" बद्रीनाथ म्हणाला, "न्हाई, अक्षराची बाजू घासलीय मी, आता समतोल हाय." "पण ठिपक्याचं वजन?" "ते धरलंय." "अन् टोक झिजलं आसंल तर?" "टोक बराबर हाय." दोघं भाऊ दाभण, वाट्या घेऊन असे बसले, जणू पोरीचं सगळं त्या चकतीतच अडकलंय आणि आणखी जरा घासलं की ते बाहेर येईल.

"बाय, मदिनाला घेऊन जा, लालबीला फराळाचं ताट देऊन ये," बेबीनंदा म्हणाली. झुंबर ताट घेऊन गेली.

दुर्गाबाई उंबऱ्यावर बसली होती. ओवाळायचं ताम्हण पुढं होतं, त्यातल्या सुपारीला ती उगाच बोटानं गोल गोल फिरवत होती.

"बाई," ती खाली बघूनच म्हणाली, "दर साली हे मला म्हणतात, दिवाळीला आणू. दर साली मी हो म्हणते. अन् इथं आले की वाट बघते, की तुम्ही काही म्हणाल. तुम्ही चहा टाकता."

तिनं सुपारी उचलून हातात धरली.

"ती अंबडला आली की दोन दिवस भिंतीकडं तोंड करून निजती. मला ती काय म्हणून रडती ते कळत न्हाई. तुम्हाला कळतं. पण माझ्या तोंडून कसं यावं, की राहू द्या तिला इथंच? जुळं घेतलं अन् पोर देऊन टाकली, असं म्हणतील. मलाच म्हणवत न्हाई मला तसं." तिनं सुपारी ताम्हणात ठेवून दिली. "तुम्ही मोठ्या हाय. तुम्ही एकदा म्हणा ना. मी जाऊन सांगन सगळ्यांना, की जाऊबाईनं दिली न्हाई. भांडले पण त्यांनी दिली न्हाई."

देवानंदनं बायकोकडं बघितलं, आणि मग खुंटीवरच्या दप्तराकडं. बद्रीनाथनं दाभण खाली ठेवलं. भिंतीपलीकडं लालबीची भांडी वाजायची बंद झाली होती.

चहाचं विचारावं असंच पहिल्यांदा बेबीनंदाच्या मनात आलं. मग ती पदर खोचून दुर्गाबाईच्या समोर, त्याच उंबऱ्यावर, टेकून बसली.

"देत न्हाई," ती म्हणाली. "दुर्गे, मी झुंबर देत न्हाई."