तीन महिन्यांची मेंदी

परमुलखात आपली भाषा कानावर पडली की माणूस निम्मा विरघळतो. उरलेलं निम्मं विरघळवायला डॉक्टर मिराशींकडे मशीन होतं. जयपुरात आयटीत नोकरी करणारी कस्तुरी त्यांच्या सी-स्कीम या उच्चभ्रू भागातल्या चकचकीत क्लिनिकात आली, ती केवळ डॉक्टर मराठी आहेत या भरवशावर. तरी मनात पाल चुकचुकतच होती.

"लेझरने चरबी विरघळवून काढायचं लायपोसक्शन आहे, कस्तुरीताई. दुखणं नाही, खुपणं नाही. अख्खं जयपूर करतंय आता," म्हणत डॉक्टरांनी दोन फोटो पुढे सरकवले. "या आपल्या सांगलीच्याच बाई. हा आधीचा, हा तीन महिन्यांनंतरचा."

पहिल्यात पोट सुटलेलं, दुसऱ्यात सपाट. चेहरा कुठेच नव्हता, कमरेवर ठेवलेला हात तेवढा दिसत होता. त्यावर मेंदीचा गडद लाल मोर. दुसऱ्या फोटोतही तोच मोर, तितकाच गडद, करंगळीपाशी तसाच फिसकटलेला.

कस्तुरीने स्वतःचा हात पाहिला. गेल्या आठवड्यात तीजेच्या सणाला मैत्रिणींनी काढलेली मेंदी आत्ताच विटली होती.

"यांची मेंदी भारीच टिकली हो, डॉक्टर."

"इथली मेंदी प्रसिद्धच आहे!" डॉक्टर हसले आणि त्यांनी कॅमेरा उचलला. "चला, तुमचा आधीचा फोटो घेऊ. आल्यापासून पोट आत ओढून बसलायत. सोडा बघू सैल."

कस्तुरी पर्स घेऊन उठली. "असाच काढून ठेवा की," ती म्हणाली, "नंतरचा म्हणून लावायला होईल."