ग्रीसगनचं नवं तोंड

"हात नको लावू, नुसतं पाह्य," अन्सार म्हणाला आणि ग्रीसगन त्यानं मोहनसिंगच्या नाकापुढं धरली.

मागं बाजार समितीत जाणाऱ्या सोयाबीनच्या ट्रॅक्टरांची रांग लागलेली. सगळ्यात पुढचा ट्रॅक्टर मोहनसिंगचाच, आणि हे दोघं भर रस्त्यात उभे राहून ग्रीसगनचं तोंड बघत होते. मागून हॉर्न सुरू झाले तसा मी माझ्या दुकानातून ओरडलो, "अन्सार, त्याले मोकळं कर ना बाप्पा. का हारतुरे घालतं आता त्या गनले?"

रिसोडच्या मार्केट रोडवर माझं फवारणी पंप दुरुस्तीचं दुकान आणि अन्सारचं ग्रीसिंगचं टपरं एकाच भिंतीला टेकून आहे. माझा स्वभाव पहिल्यापासून उतावळा. मला बसून काम होत नाही, उभ्याउभ्या पंपाचे वायसर बदलतो आणि गिऱ्हाइकावर खेकसतो. अन्सार माझ्या उलट. ट्रॅक्टरखाली पोतं टाकून उताणा झाला की हॉर्न वाजो, नाही तर आभाळ कोसळो, सगळे सांधे झाल्याशिवाय तो बाहेर येत नाही. काम तसं साधंच. सांध्यासांध्याला बारीक निप्पल असतं, ते पुसायचं, त्यावर ग्रीसगनचं तोंड बसवायचं आणि दांडा दाबायचा. पण तोंड झिजलेलं असलं की ग्रीस आत जायच्या ऐवजी बाजूनं बाहेर येतं. अन्सारच्या गनचं तोंड कधीचं झिजलेलं. तो त्याला चिंधी गुंडाळायचा. दिवसभरात ती चिंधी, त्याचं मनगट आणि बाही सगळं काळं होऊन जायचं.

आणि आज त्या जागी हे नवं तोंड. चकचकीत, बाजूला एक खटका. खटका सोडला की निप्पलला असं धरून बसायचं की हात काढला तरी गन खाली पडत नव्हती.

"तहसीननं आणलं," अन्सार म्हणाला. "विमानाचं हाय."

तहसीन त्याची लेक. नागपूरच्या एका हँगरमध्ये, म्हणजे विमानं दुरुस्तीला उभी राहतात तिथं, ती कामाला आहे. तिचंही काम ग्रीस द्यायचंच. चाकांच्या पायांना, दरवाजाच्या बिजागऱ्यांना, पंखांच्या सांध्यांना. बाप ट्रॅक्टरला ग्रीस देतो आणि लेक विमानाला, यावरून ड्रायव्हर लोक अन्सारला चिडवायचे आणि त्याला ते मनापासून आवडायचं.

मोहनसिंगनं मोबाइल काढून गनचा फोटो घेतला. "चाचा, स्टेटसले टाकतो. विमानवाली गन."

"टाक ना," अन्सार म्हणाला. "लिव, लेकीनं आणली मनून."

मग तो मला सांगत बसला. तहसीन रात्रीच्या गाडीनं दोन दिवसांच्या सुट्टीवर आली. सकाळी त्याच्या बायकोनं, कमरुन्निसानं, तिचे कामाचे कपडे भिजत टाकायला घेतले तर खिशातून हे निघालं. "मी तिले फोनवर मनलो होतो ना, गनचं तोंड गळते मनून. तवा काही बोलली नाई. पण ध्यानात ठेवलं पोट्टीनं."

"तिले इचारलं का?"

"झोपून हाय थे. झोपू दे. थकून येते बिचारी."

डोळे भरून आले होते त्याचे. मला हेवा वाटला, सांगायला लाज कसली. माझ्या दोन पोरांना बाप कोणतं वायसर वापरतो हे अजून माहीत नाही.

उन्हं वर येईपर्यंत रांगेतल्या एकेका ड्रायव्हरला त्यानं ते दाखवलं. चहावाल्याला दाखवलं. समितीच्या हमालांना बोलावून दाखवलं. मला तर तीनदा.

तहसीन आली ती पायात आईच्या चपला घालून. ओढणी एका खांद्यावर लोंबत होती आणि हातातला फोन वाजत होता. ती माझ्या दुकानावरून पुढं गेली, परत आली.

"शालिग्रामकाका, अब्बा कुठं आहेत?"

मी ट्रॅक्टरखाली बोट दाखवलं. ती तिथंच धुळीत उकिडवी बसली आणि वाकून बोलायला लागली. घाईत उर्दूतच बोलत होती, मी माझ्या भाषेत सांगतो.

"अब्बा, अम्मी घरी नाही. माझ्या कपड्यांतून काही निघालं का सकाळी? ग्रीसगनचं तोंड?"

खाली दांड्याचा आवाज थांबला. ट्रॉली आतल्या रांगेत लावून परत आलेल्या मोहनसिंगनं बोलायला तोंड उघडलं, तसा मी त्याच्या पायावर पाय दिला.

"काहून?" अन्सार खालूनच म्हणाला. "काय झालं?"

ती भडाभडा सांगायला लागली. काल कामाच्या शेवटी तिनं गनचं एक तोंड काढून दुसरं बसवलं. काढलेलं कुठं ठेवलं ते तिला आठवत नव्हतं. घरी यायची गाडी चुकेल या भीतीनं तिनं हत्यारं मोजून परत करायच्या वेळी नुसती गन दाखवली. पहाटे दुसऱ्या पाळीच्या लोकांना हत्यारांच्या ट्रेमधली त्या तोंडाची खाच रिकामी दिसली. तेव्हापासून सगळं हँगर शोधून राहिलं आहे. विमान तयार आहे, पण सोडता येत नाही. पंखाचे बंद केलेले पत्रे पुन्हा उघडले आहेत.

"येवढ्याशा तुकड्यासाठी?" मी म्हणालो. मला राहवलं नाही.

"काका, तो तुकडा आत राहिला अन् हवेत एखाद्या सांध्यात अडकला तर पंखाचा भाग हलणार नाही." तिचा आवाज फाटला. "खिशात असेल तर माझी नोकरी जाईल. तेवढंच. पण खिशात नसेल तर मग तो आत आहे अन् मीच ठेवला आहे. मला आठवतच नाही."

फोन पुन्हा वाजला. तिनं तो उचलला नाही, नुसता हातात घट्ट धरला.

अन्सार खालून सरकत बाहेर आला. गन छातीवर होती. त्यानं गनच्या तोंडावरचं काळं ग्रीस अंगठ्यानं पुसलं.

"हे?"

ती मटकन खाली बसली. आधी हसली, मग ओढणीत तोंड घालून रडली. आम्ही तिघं पुरुष बाजूला खांबासारखे उभे. अन्सार म्हणत होता, "मले वाटलं माह्यासाठी आणलं तू. मी मनलो होतो ना फोनवर." ती नुसती मान हलवत होती. ती हो म्हणत होती की नाही, ते मला कळलं नाही.

मग तिनं डोळे पुसले, उठली आणि फोन लावला. "सापडलं, सर. माझ्याकडंच आहे. खिशात राहिलं होतं." अन्सार हातानं खुणा करत होता, माझं नाव सांग, मी घेतलं म्हणून सांग. तिनं त्याच्याकडं पाठ फिरवली. "नाही, सर. मुद्दाम नाही. विसरून. हो, आजच घेऊन येते. हो, लिहून देते."

फोन ठेवल्यावर तिनं पहिल्यांदा लांब श्वास घेतला. अन्सारनं विचारलं, "नवकरी जाईन का?"

"माहीत नाही. मुद्दाम बाहेर नेलं का, हेच विचारतील सगळे."

तोवर त्यानं ते तोंड गनवरून उतरवलं होतं. डब्यात डिझेल ओतून तो ते धुवायला लागला.

"राहू द्या, अब्बा. ते आता कामाचं नाही. दुसरं ग्रीस लागलं त्याला."

"धुवून राह्यलो ना."

"धुतलं तरी. तिथं एका ग्रीसची गन दुसऱ्याला लावत नाहीत. दोन जातीचं ग्रीस एकत्र झालं की सांधा झिजतो. त्यावरचा नंबर बघतील, नोंद करतील अन् मोडीत टाकतील."

अन्सारचा हात डिझेलमध्येच थांबला. "म्हंजे तू हे टाकाले नेऊन राह्यली?"

"हो."

"आपलं ग्रीस लागलं मनून."

अन्सारनं डबा उचलला. मला वाटलं, आता हा ते फेकून देतो. त्यानं ते बाहेर काढलं, आतली जाळी काडीनं साफ केली, खटका उघडून पुसला, पुन्हा धुतलं. शेवटी माझ्याकडून कोरं फडकं मागून घेतलं आणि त्यात गुंडाळून तिच्या हातात दिलं.

"टाकाचं असन तं टाको," तो म्हणाला. "पण आपल्या हातून घाण होऊन नाई जाणार."

घरी मटण शिजायचं होतं, ते तसंच राहिलं. वाशिमची गाडी लागली होती. तिथून पुढं नागपूर. माझं दुकान उघडं टाकून मी त्यांच्यासोबत स्टँडवर गेलो. काय करणार, मला दुकानात राहवलं नसतं. गाडीच्या दारात तहसीन एकाएकी वळली.

"अब्बा, कोणाला सांगितलं तर नाही ना तुम्ही? मी आणलं म्हणून?"

"नाई," अन्सार म्हणाला.

मी रस्त्याकडं बघायला लागलो.

ती डोकं पुढं करून उभी राहिली. निघताना तो नेहमी तिच्या डोक्यावर हात ठेवतो. आज त्यानं हात मागं धरले होते. तिची ओढणी पांढरी होती. ती तशीच उभी राहिली तेव्हा त्यानं हात उलटा केला आणि काळ्या नसलेल्या बाजूनं तिच्या केसांना लावला. कंडक्टरनं घंटी मारली.

गाडी गेल्यावर मला वाटलं, हा दुकानात जाईल नाही तर घरी. तो सरळ ट्रॅक्टरच्या रांगेत शिरला. पहिल्या ड्रायव्हरपाशी थांबून म्हणाला, "सकाळचं थे तोंड लेकीनं आणलं नव्हतं. तिच्या कपड्यातून मी काढलं. तिले न इचारता."

"असू दे ना, चाचा."

"नाई, ऐक. तिनं नाई आणलं."

मग दुसरा ट्रॅक्टर, मग तिसरा. मी मागं मागं. कोणी हसलं, कोणाला सकाळचं आठवतही नव्हतं. एकानं विचारलं, "मंग चोरी केली का, चाचा?" अन्सार म्हणाला, "हो." चहावाल्याला सांगितलं. हमालांना पुन्हा बोलावून सांगितलं. मोहनसिंग वजनकाट्यावर ट्रॉली लावून बसला होता. त्याला स्टेटसवरचा फोटो काढून टाकायला लावला, आणि निघाला की नाही ते स्वतः डोळे बारीक करून बघितलं.

"आता लिव, अन्सारनं चोरलं मनून."

"हे मी नाई लिवणार," मोहनसिंग म्हणाला आणि त्यानं मोबाइल खिशात टाकला.

माझं डोकं सटकलं. भर बाजारात मी त्याचा हात धरला. "अबे, कोणी इचारलं का तुले? कायले गावभर बोंबलत फिरून राह्यला?"

"सकाळी बी कोणी इचारलं नव्हतं, शालिग्रामभाऊ," तो म्हणाला. "तवा सांगतलंच ना."

मी हात सोडला.

तहसीनचं अजून ठरलेलं नाही. विमान त्याच दिवशी सुटलं, एवढं तिनं कळवलं. तिला ग्रीसगन हातात देत नाहीत, स्टोअरमध्ये बसवलं आहे, चौकशी चालू आहे. अन्सार रोज फोन करतो आणि जेवली का, एवढंच विचारतो.

त्या दिवशी परत आल्यावर त्यानं मोडीच्या डब्यातून जुनं तोंड शोधून काढलं, गनवर फिरवलं आणि चिंधी गुंडाळली. पुढचा ट्रॅक्टर मेडशी गावाकडच्या एका ड्रायव्हरचा होता, सकाळचं त्याला काही ठाऊक नव्हतं.

"चाचा, लेक आली मनते तुमची?"

"आली होती," अन्सार म्हणाला. त्यानं पोतं अंथरलं, खाली सरकला आणि निप्पल पुसलं. दांडा दाबला तसं ग्रीस बाजूनं येऊन त्याच्या मनगटावर उतरलं. त्यानं ते चिंधीनं टिपलं आणि पुन्हा दांडा दाबला.