तेरा वर्षांचा धूमकेतू

माझं वय अडुसष्ट. पण फोनवरच्या लुडोत मी तेरा वर्षांचा मुलगा आहे. भाच्याने हा खेळ फोनवर घेऊन दिला तेव्हा घाईघाईत आपल्याच मुलाची जन्मतारीख ठोकली, नाव ठेवलं 'धूमकेतू', आणि "आत्या, आता तुझा वेळ मजेत जाईल" म्हणून जो गेला तो गेलाच. ते मी दुरुस्त करायला हवं होतं. नाही केलं. म्हातारीला कोण खेळायला घेतंय?

पस्तीस वर्षं मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. दिवसभर कानात माणसं. निवृत्त झाले आणि घर असं चिडीचूप झालं, की फ्रिज सुरू झाला तरी कुणीतरी आल्यासारखं वाटायचं.

दुपारी तीनला खारूताई यायची. हे तिचं खेळातलं नाव, वय अकरा. शाळा सुटल्यापासून साडेपाचला आई कामावरून येईपर्यंत ती घरात एकटी. सोंगट्या सरकवता सरकवता आम्ही खाली गप्पा लिहायचो.

"आलास का रे धूमक्या?"

"आलो," मी लिहायची. खोटं बोलायचीही सवय होते. "आलास का" विचारणारं मला दुसरं कुणी नव्हतं. सांगायला लाज वाटते, पण पावणेतीनला मी केस विंचरून तयार बसायची.

मग आमच्या खेळात कॅप्टन आला. वय लिहिलं होतं बारा. मुद्दाम खारूताईकडून हरायचा, तिच्या प्रत्येक गोष्टीला वा वा करायचा. हळूहळू चौकशा सुरू झाल्या. घरी कोण असतं? आई किती वाजता येते? बारा वर्षांच्या पोराला कुणाची आई कधी येते याच्याशी काय देणंघेणं? मला तेव्हाच खटकलं होतं. पण एक्स्चेंजमधला पहिला धडा हाडांत मुरलेला: जोडणी करून दिली की आपला कान काढून घ्यायचा, दोघांच्या बोलण्यात तोंड घालायचं नाही. त्या धड्यापायी मी तीन दिवस मूग गिळून बसले. आजही स्वतःचा राग येतो.

चौथ्या दिवशी त्याने लिहिलं, "फोटो पाठव ना. आईला सांगू नकोस, आपलं गुपित."

खेळातलं तक्रारीचं बटण दाबलं. उत्तर आलं, सात दिवसांत पाहू. भाच्याला फोन केला.

"आत्या, त्याला ब्लॉक कर आणि मोकळी हो. तिचे आईबाप आहेत ना बघायला?"

"आई कामावर असते रे."

"मग शाळेवाले बघतील. तू कशाला नसत्या फंदात पडतेस?"

शाळेवाले आईबापांवर ढकलतील, आईबाप कंपनीवर, कंपनीला सात दिवस हवेत. सगळ्यांनी मिळून पोरीला वाऱ्यावर सोडलं होतं, आणि त्या सगळ्यांत मीही होते. शिवाय तोंड उघडायचं तर आधी मी कोण ते सांगावं लागणार. मग माझी तीनची वेळ संपली. खोटं कशाला बोलू, रात्रभर मला पोरीइतकीच त्या वेळेचीही काळजी लागली होती.

दुसऱ्या दिवशी कॅप्टन यायच्या आत लिहिलं, "ऐक. कॅप्टन लहान मुलगा नाही. आणि मीही नाही. मी अडुसष्ट वर्षांची बाई आहे."

तिचं उत्तर आलं, "म्हणजे तू पण खोटं बोललास?"

"हो. म्हणूनच सांगते, आईला फोन लाव. त्याचं सगळं दाखव. माझंही दाखव."

"मी काल त्याला वेगळ्या चॅटवर एक फोटो पाठवला. आता तो म्हणतो अजून पाठव, नाहीतर आईला सांगेन."

"त्याच्या आधी तूच सांग. चूक त्याची आहे, बाळा. तुझी नाही."

"आई ओरडेल."

"ओरडू दे. आत्ता लाव."

ती गेली. मी फोन मांडीवर घेऊन बसून राहिले. सव्वाचारला तिच्याच नावाने अक्षरं उमटली. "मी तिची आई बोलतेय. आम्ही पोलिसांकडे निघालोय. तुम्ही कोण?"

मी सगळं लिहिलं. माझं नाव, पत्ता, वय, भाच्याचा घोळ, माझे तीन दिवस. काही लपवलं नाही.

"तुमचे आभार मानू की तुमचीही तक्रार करू, कळत नाही," तिने लिहिलं. "पण यापुढे माझ्या मुलीशी बोलायचं नाही."

"बरोबर आहे," मी लिहिलं. तिच्या जागी मी असते तर आभाराचा शब्दही काढला नसता.

मला वाटलं, गेली. पण तिने पुन्हा विचारलं, "एवढं काय बोलायची ती तुमच्याशी रोज?"

काय काय सांगू? जिन्यात अंधार असला की ती गाणं म्हणत वर येते. वर्गातली मैत्रीण पंधरा दिवसांपासून अबोला धरून बसलीय. गणिताच्या पेपरावर तिने स्वतःच आईची सही केली. आठवडाभर डावीकडची दाढ दुखतेय, म्हणून डबा तसाच परत आणते. जे जे आठवलं ते लिहून पाठवलं.



"दाढ दुखतेय हे मला माहीत नव्हतं," तिने लिहिलं.

लवकर दाखवून घ्या, घाबरते ती, जवळ बसा, असं मी लिहायला घेतलं. पाठवायला गेले तेव्हा कळलं, तिने मला ब्लॉक केलं होतं.