कागदावरचं एकच भोक

पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरातल्या मिलर्स रन गावात चांगला नेम कशाला म्हणायचं यावर वाद नव्हता. शंभर यार्डांवर तीन गोळ्या झाडायच्या. तिन्ही भोकं एका इंचात बसली तर तो माणूस नेमबाज. थोडी पसरली तर हरणापुरता नेम ठीक, पण गावच्या नेमबाजी क्लबात मिरवायचं नाही. डेल्मर क्रेब्सच्या गोळ्या जेवणाच्या ताटाएवढ्या जागेत पसरत, आणि त्याला त्याचं काही वाटत नसे. शनिवारी क्लबच्या रेंजवर यावं, थर्मासमधली कॉफी प्यावी, रायफलचे दोनचार धक्के खांद्यावर घ्यावेत आणि बायकोने सांगितलेली कामं तेवढा वेळ टाळावीत, इतकाच त्याचा छंद होता.

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी त्याने तीन गोळ्या झाडल्या आणि कागदावर एकच भोक पडलं. अगदी मधोमध.

रेंजचा कारभार विल्मा पाहायची. जन्मभर शाळेची बस चालवलेली बाई. तिने कागद उजेडाकडे धरला.

"बाकीच्या दोन कुठे गेल्या?"

"मला काय माहीत? मी तिकडेच मारल्या."

"म्हणजे एकातूनच तिन्ही गेल्या, नाहीतर दोन कागदाला लागल्याच नाहीत."

"लागल्या नसतील," डेल्मर म्हणाला. त्याचं खरंच तसं मत होतं.

पण हा विनय लोकांना भारी आवडला. मुरलेला नेमबाज असंच बोलणार, असं म्हणत दोघातिघांनी त्याची पाठ थोपटली. हार्लन योडरला मात्र हे पचेना. कित्येक वर्षं त्याच्या गोळ्या इंचाच्या आत बसत आल्या होत्या. त्याने मोजमापाचा चिमटा लावून भोक तीनदा मोजलं आणि "किंचित लांबट वाटतंय, एकाहून जास्त गेल्या असतील," असं पडलेल्या आवाजात कबूल केलं. मग पुरावा म्हणून डेल्मरच्या गोळ्या शोधायला सगळ्यांनी मागचा मातीचा बांध खणला. तिथे क्लब स्थापन झाल्यापासूनचं शिसं निघालं, तेही बादल्या भरभरून. त्यातलं डेल्मरचं कुठलं हे कोण सांगणार? शेवटी क्लबच्या समितीने मतं घेतली आणि बहुमताने ठरलं, की गोळ्या तिन्ही गेल्या. कागद चौकटीत घालून भिंतीवर लागला.

त्या दिवसापासून डेल्मरचा छंद संपला. तो आला की लोक उठून खुर्ची देत. श्वास कधी धरतोस, चाप कसा ओढतोस, असं विचारत. एकदा कंटाळून तो म्हणाला, "मी आधी कॉफी पितो, बस." पुढच्या शनिवारी सगळा क्लब कपामागून कप कॉफी पीत होता. सगळ्यांचे हात थरथरू लागले आणि ज्याची त्याची भोकं पसरली. हार्लन तर अख्खा थर्मास रिकामा करायचा.

घरी डेल्मरची बायको लोर्ना म्हणाली, "तुला गॅरेजमधून गाडी सरळ काढता येत नाही. हे लोक वेडे झालेत का?"

"अगं, मी तेच सांगतोय त्यांना. ऐकतंय कोण?"

"मग सगळ्यांदेखत पुन्हा मार आणि मोकळा हो."

त्याला ते पटलं. शनिवारी तो टेबलाशी बसला तेव्हा पाठीमागे ही गर्दी. शेजारच्या टेबलावर मुद्दाम हार्लन बसला होता. दोघांनी तीन-तीन गोळ्या झाडल्या. विल्माने गोळीबार थांबवला, कागद आणले आणि भोकं दोनदा मोजली.

डेल्मरच्या कागदावर चार भोकं होती.

"मागे तीन गोळ्यांचं एक भोक झालं, आता तिनाची चार," समितीतला कुणीतरी हलक्या आवाजात म्हणाला. गोळी वाटेत फुटून दोन झाली असेल, असंही एकाने सुचवलं. त्यावर मान डोलावणारेही निघाले.

हार्लनने आपला कागद टेबलावर उलटा ठेवला होता. तो उठला. त्याचे कान लालबुंद झाले होते.

"चौथं माझं आहे. माझ्या कागदावर दोनच आहेत."

शेजाऱ्याच्या कागदावर गोळी मारण्याएवढी नामुष्की त्या क्लबात दुसरी नव्हती.

"यातलं तुझं कुठलं?" विल्माने विचारलं.

"मधलं."

बाकीची तीन मात्र कागदाच्या तीन कोपऱ्यांकडे निघालेली होती. लोकांनी ती पाहिली, एकमेकांकडे पाहिलं आणि हळूहळू ते आपापल्या टेबलांकडे वळले. खुर्ची द्यायला कुणी थांबलं नाही. डेल्मरला इतकं हलकं वाटलं, की त्याने हार्लनचा हात धरून दाबला.

"तू माझी थट्टा करतोयस का?" हार्लन म्हणाला.

"नाही रे बाबा. आभार मानतोय."

पुन्हा असा घोटाळा नको म्हणून समितीने प्रत्येक कागदाच्या वरच्या फळीवर मोठाले आकडे रंगवायचं ठरवलं. ते काम हार्लनने आपणहून मागून घेतलं. डेल्मरने शिडी धरली. सातचा आकडा रंगवून झाला. मग वरून हार्लनने विचारलं, "सरळ आलाय का?"

"डावीकडे झुकलाय."

"कितीसा?"

डेल्मरने मान वाकडी करून पाहिलं. "इंचाच्या आत आहे," तो म्हणाला. हार्लन हसला आणि त्याने आठला हात घातला.